धर्मग्रामाची बालसुरक्षा नियमावली: तक्रार आधी कुठे करायची, आणि क्षमेचं काय?

पॅरिशसचिव

नमस्कार. वसई पट्ट्यातल्या आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) कौन्सिलनं मुलांच्या सुरक्षेसाठी लेखी नियमावली करायचं ठरवलं आहे. वेदीसेवक, धर्मशिक्षणाचे वर्ग, गायकवृंद, उन्हाळी शिबिर असं सगळं त्यात धरलं आहे. सहलीला किती मोठी माणसं हवीत, साक्रिस्तीचं (वेदीजवळच्या तयारीच्या खोलीचं) दार उघडं ठेवायचं का, यावर चटकन एकमत झालं. 'तक्रार आली तर काय' हे कलम मात्र पुढे सरकत नाही. जाणकारांनी नेमकं सांगावं.

१. फादर, सिस्टर, धर्मशिक्षक किंवा स्वयंसेवक यांच्याविरुद्ध मुलानं काही सांगितलं, तर आधी बिशपांना कळवायचं की पोलिसांना? काही ज्येष्ठ बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायाकडे बोट दाखवतात: आधी एकांतात, मग दोघा-तिघांसमोर, मग मंडळीपुढे.

२. गोष्ट कन्फेशनमध्ये (धर्मगुरूसमोरच्या गुप्त पापकबुलीत) कळली तर?

३. 'अपराधी माणूसही देवाच्या प्रतिमेत घडला आहे, त्यालाही प्रतिष्ठा आहे, मग क्षमा का नको?' या प्रश्नाला चर्चच्या शिकवणुकीतूनच उत्तर हवं आहे. नुसता कायदा दाखवला की लोक गप्प होतात, पण मनातून पटलेलं नसतं.

वकील_ठाणे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: पोलीस. बिशपांना जरूर कळवा, पण पोलिसांच्या आधी नाही आणि पोलिसांऐवजी तर नाहीच.

पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा) १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. कलम १९(१) 'कोणत्याही व्यक्ती'वर जबाबदारी टाकतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं ज्याला माहीत आहे किंवा होईल अशी धास्ती आहे, त्यानं विशेष बाल पोलीस पथकाला किंवा जवळच्या ठाण्याला कळवलंच पाहिजे. त्यासाठी आईवडिलांची संमती लागत नाही, कौन्सिलचा ठराव लागत नाही, फादरांची सही लागत नाही. न कळवणाऱ्याला कलम २१(१) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही, तर २१(२) खाली एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. पॅरिश प्रीस्ट, मुख्याध्यापिका सिस्टर, ट्रस्टचे अध्यक्ष, बिशप हे सगळे आपापल्या संस्थेचे प्रमुख ठरतात. 'मी वर कळवलं होतं' हा बचाव या कलमात नाही.

दोन निकाल मसुदा करणाऱ्यांच्या हाताशी असावेत. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण: तिथल्या डॉक्टरवर न कळवल्याचा आरोप होता, उच्च न्यायालयानं तो रद्द केला, आणि २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो पुन्हा उभा केला. माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे, बहुतेक वेळा ती गुन्हेगाराला पाठीशी घालण्याची धडपड असते, असं न्यायालयाचं म्हणणं. दुसरा निकाल केरळातल्या कोट्टियूरचा. एका धर्मगुरूच्या अत्याचारातून अल्पवयीन मुलगी बाळंत झाली. त्या रुग्णालयाच्या लोकांना २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सोडलं, कारण त्यांना गुन्हा 'माहीत होता' असं दिसत नव्हतं आणि स्वतः तपास करून माहिती काढण्याचं बंधन हे कलम घालत नाही. दोन्ही मिळून अर्थ असा: तुम्ही शोध घ्यायचा नाही, पण कळलं की गप्पही बसायचं नाही. बहुतेक धर्मग्रामांत नेमकं उलटं होतं. तीन जणांची 'अंतर्गत चौकशी' बसते, सहा आठवडे जातात, तोवर मुलाला चार वेळा तेच सांगायला लावलेलं असतं आणि आरोपीला सगळं कळलेलं असतं. म्हणून नियमावलीत तथ्य शोधणारी समिती ठेवूच नका.

कळवणाऱ्यासाठी कायद्यात तासांची मुदत लिहिलेली नाही, ती तुम्ही लिहा: ज्याला कळलं त्यानं स्वतः, त्याच दिवशी. पोलिसांना मात्र मुदत आहे. त्यांनी २४ तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं असतं. माहिती नोंदवून तिला क्रमांक द्यायचा, वाचून दाखवायची; एफआयआरची प्रत मोफत मिळते. हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, कोणत्याही ठाण्यात 'शून्य' क्रमांकानं नोंद होते. नोंद केली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना (शहरात पोलीस उपायुक्तांना) लेखी द्या, तरी हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. गुन्हा न नोंदवणारा पोलीसही कलम २१(१) मध्येच येतो, हे ठाण्यात शांतपणे सांगितलं तरी बरंच काम होतं.

मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो म्हणेल तिथे घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्यानं, गणवेशाशिवाय. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. न्यायालयात आरोपीच्या वकिलानं थेट मुलाला प्रश्न विचारायचे नसतात, ते न्यायाधीशांमार्फत जातात. पालक ठाण्याला घाबरतात, त्यांना हे आधी सांगावं.

धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातल्या किंवा सेवेतल्या माणसानं त्याच संस्थेतल्या मुलावर गुन्हा केला, तर कलम ५(च) आणि ९(च) खाली तो 'गंभीर' प्रकारात जातो. सहलीला किंवा मुलाच्या घरी घडला तर विश्वासाच्या नात्याचं वेगळं पोटकलम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर गंभीर लिंगप्रवेशी अत्याचाराला किमान २० वर्षं सक्तमजुरी आहे.

आणि तडजोड नाही. राजस्थानातल्या एका शिक्षकाचं प्रकरण पालकांशी झालेल्या तडजोडीवर उच्च न्यायालयानं रद्द केलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू करायला लावलं. स्टॅम्पपेपरवर सह्या घेऊन पैसे देणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तो कागद पुढे त्यांच्याविरुद्धच पुरावा होतो.

पुणे_धर्मविद्या

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण सगळी गाठ तिथे आहे.

कॅथलिक चर्चच्या दंडसंहितेत २०२१ मध्ये एक बदल झाला, त्याची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. १९८३ च्या संहितेत मुलावरचा अत्याचार कॅनन (म्हणजे कलम) १३९५ मध्ये होता आणि ते कॅनन 'धर्मगुरूंच्या विशेष कर्तव्यांविरुद्धचे अपराध' या शीर्षकाखाली. म्हणजे तो मोडलेल्या ब्रह्मचर्याचा एक प्रकार मानला जात होता. ८ डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित सहाव्या भागात तो कॅनन १३९८ झाला, आणि शीर्षक आहे 'मानवी जीवन, प्रतिष्ठा आणि स्वातंत्र्य यांविरुद्धचे अपराध'. खून, अपहरण, गर्भपात यांच्या शेजारी. माझ्या मते अलीकडच्या काळातला हा सर्वांत मोलाचा बदल आहे. अपराध कुणाविरुद्ध झाला, याचं उत्तर त्यानं बदललं. जोवर उत्तर 'व्रताविरुद्ध' असं होतं, तोवर इलाज व्रत घेणाऱ्याचा व्हायचा: कबुली, एकांतवास, प्रार्थना, बदली. मूल त्या चित्रातच नव्हतं. आता उत्तर आहे 'त्या मुलाविरुद्ध'.

अपराध्याच्या प्रतिष्ठेबद्दल व्हॅटिकनच्या एप्रिल २०२४ च्या जाहीरनाम्यात, 'दिग्नितास इनफिनिता'त, चार अर्थ वेगळे केले आहेत: अस्तित्वाची, नैतिक, सामाजिक आणि जीवनानुभवाची प्रतिष्ठा. पहिली देवानं निर्माण केलं म्हणून मिळते, ती कुणाची काढून घेता येत नाही आणि कुणाला स्वतःहून गमावताही येत नाही. दुसरी, म्हणजे नैतिक प्रतिष्ठा, माणूस आपल्या कृत्यानं गमावू शकतो. लोक या दोन्हींची गल्लत करतात. पहिलीमुळे अपराध्याला काय मिळतं? जमावाची मारहाण नाही, न्याय्य खटला, वकील, तुरुंगातही माणुसकीची वागणूक, पश्चात्तापाची वाट. तिच्यामुळे त्याला वेदी परत मिळत नाही, वर्ग परत मिळत नाही, गुप्तता मिळत नाही. धर्मगुरूपद ही सोपवलेली सेवा आहे, ती त्याच्या मानवी प्रतिष्ठेचा भाग नाही. ती काढून घेतल्यानं त्याचं माणूसपण कमी होत नाही. उलट ती त्याच्याकडे ठेवली, तर त्या मुलाला दर रविवारी त्याच हातून ख्रिस्तप्रसाद घ्यावा लागतो. त्याच जाहीरनाम्याच्या ४३व्या परिच्छेदात लैंगिक अत्याचार हा प्रतिष्ठेवरचा घाव म्हणून स्वतंत्रपणे आला आहे आणि चर्चमध्येही तो घडतो हे त्यात मान्य केलं आहे.

क्षमेचंही तसंच. आपल्याच शिकवणुकीत प्रायश्चित्त संस्काराला पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई अशी अंगं आहेत. बायबलमधला जकातदार जक्कय नुसता रडला नाही, चौपट परत करतो म्हणाला. मुलाच्या वतीनं क्षमा करण्याचा अधिकार कौन्सिलला नाही, आणि मुलाला आरोपीसमोर बसवून 'माफ केलं म्हण' असं सांगणं हा त्या मुलावरचा दुसरा अत्याचार आहे. नियमावलीत 'समेटाची बैठक घेतली जाणार नाही' असं एक वाक्य घाला.

आता प्रक्रिया. पोप फ्रान्सिस यांच्या 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' या आदेशानुसार (२०१९, कायम स्वरूपात ३० एप्रिल २०२३ पासून) प्रत्येक धर्मप्रांतात (बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशात) लोकांना सहज गाठता येईल अशी तक्रार घेणारी यंत्रणा हवी. धर्मगुरू आणि व्रतस्थांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास कॅनन १३७१ खाली शिक्षा. तक्रारदारावर सूड उगवायचा नाही, आणि तक्रारदार, पीडित किंवा साक्षीदार यांना गप्प राहण्याची अट घालता येत नाही. १७ डिसेंबर २०१९ पासून अशा प्रकरणांवरचं 'पोंटिफिकल सीक्रेट' (रोमनं घातलेलं कडक गुप्ततेचं बंधन) उठवलं गेलं आहे. तेव्हा 'रोमचा नियम आहे, बोलायचं नाही' असं कुणी सांगितलं तर ते चुकीचं आहे.

बिशप प्राथमिक चौकशी करतात (कॅनन १७१७) आणि फाइल रोमला श्रद्धा-सिद्धांत विभागाकडे जाते. चौकशी सुरू असताना सेवेतून दूर करणं, ठरावीक ठिकाणी राहायला लावणं असे खबरदारीचे उपाय पहिल्या दिवसापासून करता येतात. रोमच्या २०२० च्या मार्गदर्शिकेच्या ६३व्या परिच्छेदात नुसती बदली करून भागवणं टाळा, असं स्पष्ट लिहिलं आहे. निनावी तक्रारही केवळ निनावी म्हणून फेकायची नाही.

नगरी_मंडळी

मी प्रोटेस्टंट बाजूनं लिहितो, कारण मत्तय १८ आमच्याकडे जास्तच वापरला जातो.

तोच अध्याय सहाव्या वचनापासून वाचा. 'या लहानांतील एकाला' जो अडखळवतो, त्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं, असं प्रभू आधी म्हणतो. 'एकांतात जाऊन दोष दाखव' हे त्यानंतर नऊ वचनांनी येतं, आणि ते भावा-भावांतल्या अपराधाबद्दल आहे. आठ वर्षांच्या मुलीनं पाळकाला (आमच्याकडच्या धर्मगुरूला) एकांतात गाठून दोष दाखवावा, असा अर्थ काढणाऱ्यानं तो अध्याय वाचलेलाच नाही. १ करिंथ ६ मधली न्यायालयात जाण्याबद्दलची ताकीद ऐहिक व्यवहारातल्या भांडणांबद्दल आहे. तिच्या आधीच्याच अध्यायात पौल व्यभिचारी माणसाला मंडळीतून काढायला सांगतो. फौजदारी गुन्ह्याला रोम १३:४ लागू आहे, अधिकारी तलवार उगीच धरत नाही. आणि १ तीमथ्य ५:१९ मधल्या 'दोघा-तिघा साक्षीदारां'वर जे थांबतात त्यांनी विसावं वचनही वाचावं: पाप करणाऱ्या वडिलांना, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांना, सर्वांदेखत दोष दे. ती साक्षीदारांची अट मंडळीच्या शिस्तीसाठी आहे. पोलिसांत जाण्यासाठी ती नाही.

हा रोग फक्त कॅथलिकांचा आहे असं मानणाऱ्या माझ्या बांधवांसाठी इंग्लंडचं उदाहरण. जॉन स्मिथ हा धर्मगुरू नव्हता. तो बॅरिस्टर होता आणि ख्रिस्ती शिबिरांतून ओळख झालेल्या मुलांना 'पवित्रते'च्या नावाखाली रक्त येईतो छडीनं मारायचा. १९८२ मध्येच काही ख्रिस्ती नेत्यांच्या हाती लेखी अहवाल होता. तो पोलिसांकडे गेला नाही. १९८४ मध्ये स्मिथ झिम्बाब्वेला गेला, तिथेही शिबिरं घेतली, तिथेही मुलांना मारलं. २०१८ मध्ये तो खटल्याविना मेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये या प्रकरणाच्या स्वतंत्र चौकशीचा मेकिन अहवाल आल्यावर कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा दिला, कारण २०१३ मध्ये वरपर्यंत कळूनही पाठपुरावा झाला नव्हता. तेव्हा नियमावली धर्मगुरूंपुरती ठेवू नका. गिटार शिकवणारा दादा, बसचा चालक, पाहुणा वक्ता, सगळे त्यात आले पाहिजेत.

स्वतंत्र मंडळ्यांत अडचण आणखी मोठी असते. पाळकच संस्थापक, पाळकच विश्वस्त, त्याची बायको खजिनदार, वर कुणीच नाही. तिथे तक्रार घेणारी व्यक्ती मंडळीबाहेरची असावी आणि तिचं नाव विश्वस्तांच्या ठरावात लिहिलेलं असावं.

जुना_वाचक

दुसरी बाजू मांडू द्या. एका खोट्या तक्रारीनं माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. शिवाय आपण मूठभर लोक. धर्मांतराच्या नावानं आधीच दगड पडतात. घरची लक्तरं वेशीवर टांगली की तीच बातमी फिरवणारे तयारच बसलेले असतात. आधी बिशपांकडे खात्री करून मग पोलिसांत गेलं, तर काय बिघडतं?

वकील_ठाणे

@जुना_वाचक, तुमची भीती खरी आहे आणि तिला उत्तर मिळालंच पाहिजे.

खोट्या तक्रारीसाठी कलम २२ आहे. केवळ बदनामी, खंडणी किंवा धमकीच्या हेतूनं खोटी तक्रार करणाऱ्याला शिक्षा होते. मुलाला होत नाही, आणि सद्भावनेनं कळवणाऱ्यालाही होत नाही (कलम १९(७)). न्यायालयात कलम २९ खाली आरोपीविरुद्ध गृहीतक आहे, पण मूळ तथ्यं सरकारपक्षानं आधी सिद्ध करावी लागतात. चर्चच्या संहितेतही कॅनन १३२१ मध्ये आता सरळ लिहिलं आहे की दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष. म्हणून फादरांना सेवेतून दूर करताना पत्रात 'खबरदारी म्हणून' असं लिहा, 'दोषी' असं नको.

पण निर्दोष धर्मगुरूला वाचवायचं असेल, तर पोलीस तपास हाच त्याचा सर्वांत मजबूत आधार आहे. बिशपांच्या खासगी 'खात्री'नंतर तो सुटला, तर गाव म्हणणार 'सांभाळून घेतलं', आणि तो डाग त्याच्यासोबत कबरीपर्यंत जातो. बाहेरच्या यंत्रणेनं निर्दोष म्हटलं तर त्याला मान वर करून चालता येतं. शिवाय 'खात्री' करायला बिशपांकडे वैद्यकीय तपासणी नाही, मोबाइल जप्त करण्याचा अधिकार नाही, न्यायवैद्यक प्रयोगशाळा नाही. त्यांच्याकडे फक्त दोन माणसांचे शब्द असतात, आणि त्यातला एक माणूस त्यांचा ओळखीचा असतो.

पुणे_धर्मविद्या

समाजाच्या अब्रूबद्दल मीही बोलतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या ग्रँड ज्युरीचा (गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा) ऑगस्ट २०१८ चा अहवाल पाहा. सहा धर्मप्रांत, ३०० हून अधिक धर्मगुरू, हजाराहून अधिक ओळख पटलेली मुलं. त्यात दडपण्याच्या पद्धती मांडल्या आहेत: 'बलात्कार' न म्हणता 'अनुचित वर्तन' म्हणायचं, प्रशिक्षण नसलेल्या सहकारी धर्मगुरूंकडून चौकशी करवायची, चर्चच्याच उपचारकेंद्रात 'तपासणी'ला पाठवायचं, लोकांना 'आजारपणाची रजा' सांगायची, घर आणि पगार चालू ठेवायचा, बोभाटा झाला तर अनोळखी पॅरिशमध्ये बदली, आणि पोलिसांना कळवायचं नाही. हे सगळं करणाऱ्यांना वाटत होतं की आपण चर्चची अब्रू राखतो आहोत. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये स्वतंत्र आयोगानं १९५० पासूनच्या पीडितांचा अंदाज मांडला: धर्मगुरू आणि व्रतस्थांकडून सुमारे २,१६,०००. अब्रू दडवण्यामुळे गेली, आणि मुलं आधीच गेली होती.

आपल्याकडेही न्यायालयांनी शिक्षा दिल्या आहेत. मुंबईतल्या शिवाजीनगर भागातल्या २०१५ च्या प्रकरणात विशेष पॉक्सो न्यायालयानं डिसेंबर २०२१ मध्ये धर्मगुरूला जन्मठेप दिली. सहा वर्षं लागली. त्या सहा वर्षांत मुलाच्या कुटुंबाच्या बाजूनं कोण बसतं, मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) त्यांच्याशी कोण बोलतं, हे कौन्सिलच्या हातात असतं. अल्पसंख्याक समाजात तक्रार करणारं घर वाळीत पडायला ठराव लागत नाही, लोक नुसते बोलायचे थांबतात.

समुपदेशक_नाशिक

कायदा आणि धर्मविद्या दोन्ही वर आलं आहे. जिथे प्रत्यक्षात घोळ होतो ते सांगते: मूल पहिल्यांदा बोलतं ती दहा मिनिटं.

मूल एकदम सगळं सांगत नाही. 'मला वेदीसेवेला जायचं नाही' किंवा 'ते काका विचित्र खेळ खेळतात' इथून सुरू होतं. त्या वेळी करायचं एवढंच: खाली बसून, आवाज न चढवता ऐकणं. 'मग काय झालं?' एवढाच प्रश्न. 'त्यांनी इथे हात लावला का?' असा प्रश्न नको, कारण उत्तर तुम्ही मुलाच्या तोंडात घातलं असं पुढे न्यायालयात म्हटलं जातं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. 'तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही, मला हे मदत करू शकणाऱ्या माणसांना सांगावं लागेल' एवढं म्हणा. मूल गेल्यावर लगेच, मुलाच्याच शब्दांत लिहून काढा. मूल 'शू-शूची जागा' म्हणालं असेल तर तेच लिहा, 'गुप्तांग' लिहू नका. वेळ, तारीख, ठिकाण, तुमची सही. एवढ्यावर थांबा. दुसऱ्या शिक्षिकेला बोलावून 'आता बाईंना सांग' असं करू नका.

आरोपीला विचारायला जाऊ नका, फोनही करू नका. फोन गेला की मोबाइलमधलं सगळं पुसलं जातं आणि संध्याकाळपर्यंत मुलाच्या घरी चार वजनदार माणसं पोचतात.

घटना नुकतीच असेल तर अंघोळ घालू नका. कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. ७२ तासांच्या आत रुग्णालय गाठणं फार महत्त्वाचं: पुरावा मिळण्यासाठीही, आणि एचआयव्ही-प्रतिबंधक औषधं त्याच मुदतीत सुरू करावी लागतात म्हणूनही. एफआयआर झालेला नसला तरी तपासणी होते. मुलीची तपासणी महिला डॉक्टरच करतात आणि मुलाच्या विश्वासातलं माणूस सोबत असतं. उपचार मोफत देणं खासगी रुग्णालयांवरही बंधनकारक आहे. मिशनच्या दवाखान्यालाही हे लागू आहे.

मोबाइलवर फोटो किंवा मेसेज असतील तर तो फोन तसाच पोलिसांना द्या. कौन्सिलच्या ग्रुपवर टाकू नका. मुलाचं तसं चित्र पुढे पाठवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो.

१०९८ हा बालकांसाठीचा क्रमांक मुलांच्या उंचीला, धर्मशिक्षणाच्या वर्गात आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. सूचनाफलक मोठी माणसं वाचतात. बाल कल्याण समितीकडे 'सहायक व्यक्ती' (तपासात आणि खटल्यात मुलाला साथ देणारी) मागा. २०२० च्या नियमांत तशी तरतूद आहे, पण मागितल्याशिवाय बहुधा कुणी देत नाही. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मनोधैर्य योजनेचा अर्ज.

पॅरिशसचिव

सगळ्यांचे मनापासून आभार. 'चौकशी समिती' हे कलम आम्ही काढतो आहोत. दोन गोष्टी राहिल्या: कन्फेशनचं काय, आणि रविवारी मिस्सेत लोकांना काय सांगायचं?

पुणे_धर्मविद्या

कन्फेशनबद्दल स्पष्ट लिहितो, कारण इथे संस्काराचा आणि देशाचा कायदा एकमेकांना भिडतात. कॅनन ९८३ प्रमाणे कन्फेशनमधलं काहीही उघड करता येत नाही आणि थेट उघड करणारा धर्मगुरू आपोआप बहिष्कृत होतो (कॅनन १३८६). दुसरीकडे पॉक्सोत धर्मगुरूला सूट नाही, आणि भारताच्या साक्षी कायद्यात पती-पत्नी आणि वकील-अशील यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण आहे तसं कन्फेशनला नाही. हा पेच नियमावली सोडवू शकत नाही. पण तो वाटतो त्यापेक्षा बराच अरुंद आहे. संस्काराचं बंधन फक्त संस्कारात ऐकलेल्याला आहे. ऑफिसात, समुपदेशनात, अंगणात, फोनवर ऐकलेल्याला नाही. 'मला ते विश्वासानं सांगितलं होतं' म्हणजे कन्फेशन नव्हे, आणि बहुतेक वेळा आडोसा याच गल्लतीचा घेतला जातो.

मुलानं कन्फेशनमध्ये आपल्यावरचा अत्याचार सांगितला, तर ते मुलाचं पाप नाही, हे त्याला तिथेच सांगायचं. रोमच्या पेनिटेन्शियरीच्या (कन्फेशनचे प्रश्न पाहणाऱ्या कार्यालयाच्या) २०१९ च्या टिपणात म्हटलं आहे की पीडिताला त्याचे हक्क आणि तक्रारीचे मार्ग समजावून द्यावेत. मग विचारायचं: 'हेच तू बाहेर मला किंवा तुझ्या बाईंना सांगशील का?' बाहेर सांगितलं की बंधन उरत नाही. अपराधी कन्फेशनला आला, तर स्वतः पोलिसांत जाण्याची अट घालून पापक्षमा देता येत नाही, हेही त्याच टिपणात आहे. पण खरा पश्चात्ताप नसेल, मुलांपासून दूर होण्याची तयारी नसेल, तर धर्मगुरू पापक्षमा रोखू शकतो, आणि रोखावीच.

मुलांची कन्फेशन उघड्यावर, देवळातल्या बाकावर, सगळ्यांना दिसेल पण ऐकू येणार नाही अशा अंतरावर घ्या. बंद खोलीत किंवा फादरांच्या निवासात कधीच नको.

समुपदेशक_नाशिक

रविवारच्या सूचनेबद्दल. ती लेखी असावी, वाचणाऱ्यानं स्वतःचं काही जोडू नये. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं खोटं लिहू नका; ते महिन्याभरात उघडं पडतं आणि मग तुमच्या खऱ्या वाक्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही. एवढं पुरे: 'आपल्या धर्मग्रामातील एका सेवकाबाबत पोलिसांकडे तक्रार नोंदली गेली आहे. तपास सुरू असेपर्यंत खबरदारी म्हणून त्यांना सेवेतून दूर ठेवले आहे. कोणाला काही माहिती असल्यास थेट पोलिसांना कळवावी. मुलाचा किंवा कुटुंबाचा शोध घेऊ नये, त्यांच्याविषयी बोलू नये.' त्याखाली ठाण्याचा क्रमांक आणि १०९८.

मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे, आणि ओळख नाव घेतल्यानंच उघड होते असं नाही. लहान गावात 'सातवीतला एक वेदीसेवक' म्हटलं की घर कळतं. आळीचं नाव, शाळेचं नाव, 'गरीब घरातला', 'एकुलता', यातलं काहीही नको. 'आरोपीसाठी प्रार्थना करूया' एवढंच वाचून थांबू नका. त्या बाकांवर ते कुटुंब बसलेलं असतं. प्रार्थना आधी त्या मुलासाठी, नाव न घेता.

सूचना वाचण्याच्या आदल्या दिवशी एका बाईनं, एकटीनं, ती त्या घरी नेऊन दाखवावी. त्यांना एखादं वाक्य नको असेल तर ते काढावं. त्या रविवारी त्यांना दुसऱ्या धर्मग्रामात मिस्सेला जायचं असेल तर रिक्षाची सोय कौन्सिलनं करावी.